इंग्लंडच्या खेड्यातील पूर्वज शोधताना 'फ्रीरेग' किती उपयोगी पडते?

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत आता इंग्लिश सुना आणि जावई आले आहेत. नातवंडांची वंशावळ लिहायला घेतली की आपल्या बाजूला छापील कुलवृत्तांत असतो आणि दुसऱ्या बाजूला पणजोबांच्या नावापलीकडे कोरे पान असते. माझ्या सुनेचे माहेर नॉरफोक काउंटीतील आहे. आयल्शम या बाजाराच्या गावाभोवती पसरलेल्या खेड्यांत तिचे पूर्वज पिढ्यान्पिढ्या शेतमजुरी करत होते. ज्यांच्याकडे जमीनजुमला नव्हता आणि ज्यांच्यामागे इच्छापत्रे किंवा पत्रव्यवहार राहिला नाही, अशा माणसांचा माग लागतो तो मुख्यतः चर्चच्या नोंदवह्यांतून. त्या नोंदींचा शोध घेण्यासाठी मी 'फ्रीरेग' ही विनामूल्य सेवा सातत्याने वापरत आलो आहे. तिचे गुण आणि तिच्या मर्यादा दोन्ही आता पुरेशा परिचयाच्या झाल्या असल्यामुळे हे परीक्षण लिहीत आहे.

फ्रीरेग ही 'फ्री यूके जीनिऑलॉजी' या धर्मादाय संस्थेची सेवा आहे. याच संस्थेची 'फ्रीबीएमडी' ही सेवा सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदींची सूची देते आणि 'फ्रीसेन' ही जनगणनेची पाने उतरवून ठेवते. फ्रीरेगचा मुख्य विषय आहे पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील गावविभागाच्या, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या. स्वयंसेवक जुन्या नोंदवह्या वाचून एकेक ओळ टंकलिखित करतात आणि ती माहिती कोणालाही शोधता येते. शोधासाठी पैसे द्यावे लागत नाहीत आणि खाते उघडावे लागत नाही. मूळ पानाचे छायाचित्र मात्र येथे मिळत नाही, मिळतो तो उतारा. ही गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात घेतली, तर पुढे अपेक्षाभंग होत नाही.

या सेवेचे मोल कळण्यासाठी नोंदवह्यांचा इतिहास थोडा तरी ठाऊक असावा लागतो. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने 1538 मध्ये प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मे, विवाह आणि दफने वहीत नोंदवावीत असा हुकूम काढला. सुरुवातीच्या वह्या कागदी होत्या आणि त्यांपैकी बहुतेक नष्ट झाल्या. 1598 मध्ये त्या चर्मपत्रावर उतरवून घेण्याचा आदेश निघाला, परंतु निदान एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या नोंदी तरी उतरवाव्यात असे त्यात म्हटले असल्यामुळे पुष्कळ गावांच्या वह्या 1558 पासूनच सुरू होतात. यादवी युद्धाच्या आणि प्रजासत्ताकाच्या काळात, म्हणजे साधारण 1642 ते 1660 या वर्षांत, अनेक वह्यांत मोठी खिंडारे आहेत. 1733 पर्यंत लॅटिनमधील नोंदी भेटतात, त्यामुळे जेम्स हा 'जेकोबस' आणि विल्यम हा 'गुलिएल्मस' होऊन समोर येतो. 1752 पूर्वी वर्ष 25 मार्चला बदलत असे, म्हणून 10 फेब्रुवारी 1740 अशी नोंद आपल्या हिशेबाने 1741 मधील ठरते. 1754 पासून विवाहासाठी छापील नमुन्याची स्वतंत्र वही आली आणि तीत वधूवरांच्या व साक्षीदारांच्या सह्या किंवा अंगठ्याऐवजी काढलेल्या फुल्या दिसू लागल्या. 1813 पासून बाप्तिस्मा आणि दफन यांचीही छापील वही आली. 1 जुलै 1837 पासून सरकारी नोंदणी सुरू झाली. म्हणजे 1837 च्या मागे जायचे असेल, तर खेड्यातील गरीब माणसासाठी पॅरिशच्या वहीवाचून फारसा इलाज राहत नाही.

फ्रीरेगचे शोधपान साधे आहे. आडनाव, नाव, वर्षांची मर्यादा, नोंदीचा प्रकार, काउंटी आणि गाव एवढे भरले की पुरते. तेथील दोन सोयी मला विशेष मोलाच्या वाटतात. पहिली म्हणजे निवडलेल्या गावाबरोबर आसपासची गावेही शोधात घेता येतात. नॉरफोकसारख्या प्रदेशात, जेथे साडेसहाशेहून अधिक मध्ययुगीन चर्च उभी आहेत आणि एका चर्चच्या मनोऱ्यावरून दुसऱ्या चर्चचा मनोरा दिसतो, तेथे ही सोय अनिवार्य म्हणावी अशी आहे, कारण शेतमजुरांचे करार बहुधा वर्षाचे असत आणि कुटुंब एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे, म्हणजे दोन-चार मैलांवरच्या दुसऱ्या पॅरिशमध्ये, सहज जात असे. दुसरी सोय म्हणजे शोधात आई-वडील आणि साक्षीदार यांची नावेही धरता येतात. एखाद्या दांपत्याची सगळी मुले एका दमात गोळा करायची असतील किंवा एखादी बहीण कोणाच्या लग्नात साक्षीदार म्हणून उभी राहिली हे पाहायचे असेल, तर हीच वाट आहे.

नोंद उघडली की तीत मुलाचे नाव, आई-वडिलांची नावे, राहण्याचे ठिकाण आणि वडिलांचा व्यवसाय असे रकाने दिसतात, आणि शेवटी टिपणाचा रकाना असतो. नवशिका माणूस हा शेवटचा रकाना वाचत नाही, आणि खरा ऐवज बहुधा तेथेच असतो. 'जुळ्यांपैकी एक', 'अनौरस', 'घरी बाप्तिस्मा दिलेला', 'जन्म अमुक तारखेचा' असे शेरे स्वयंसेवकांनी तेथे नेमाने उतरवलेले आढळतात. घरी दिलेला बाप्तिस्मा आणि चर्चमध्ये झालेला जाहीर विधी यांत महिन्यांचे अंतर असू शकते. जेन ऑस्टिन हिचा जन्म हॅम्पशायरमधील स्टीव्हन्टन या खेड्यात 16 डिसेंबर 1775 रोजी झाला, पण चर्चमधील जाहीर विधी 5 एप्रिल 1776 रोजी झाला, आणि तो काही अपवाद नव्हता. केवळ बाप्तिस्म्याची तारीख पाहून वय मोजणाऱ्याने हे विसरू नये. 1783 ते 1794 या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेनी मुद्रांक कर होता व निर्धनांना त्यातून सूट होती. त्यामुळे कर लागू होण्याच्या सुमारास एकाच घरातील तीन-चार मुलांचे बाप्तिस्मे एकदम उरकलेले दिसले, तर त्यात नवल नाही.

आता या सेवेच्या मुख्य गुणाकडे येतो. वंशावळीच्या शोधात 'सापडले नाही' या उत्तराला अर्थ हवा असतो. बहुतेक मोठ्या संकेतस्थळांवर शोध निष्फळ ठरला, तर माणूस त्या गावात नव्हता, वही हरवली आहे, की ती वही अजून कोणी वाचलेलीच नाही, हे ओळखणे अवघड जाते. फ्रीरेगवर प्रत्येक काउंटीतील प्रत्येक गावाचे आणि चर्चचे स्वतंत्र पान आहे. कोणत्या वहीचा उतारा झाला आहे आणि तो कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतचा आहे, हे त्यावर स्पष्ट दिलेले असते. त्यामुळे 1768 ते 1785 ही वर्षेच उताऱ्यात नसतील, तर त्या वर्षांतला बाप्तिस्मा न मिळण्यावरून कोणताही निष्कर्ष काढायचा नाही, हे ताबडतोब कळते. उलट त्या वर्षांचा उतारा सलग असेल आणि तरी नाव नसेल, तर दुसऱ्या गावाकडे वळायला आधार मिळतो.

उतारा मूळ वहीवरून केला आहे की नकलेवरून, हेही तेथे सांगितलेले असते, आणि नॉरफोकमध्ये या माहितीला फार महत्त्व आहे. 1598 च्या आदेशानुसार प्रत्येक पॅरिशने वर्षाच्या नोंदींची नक्कल वरिष्ठांकडे पाठवायची होती. नॉरिच डायोसीसमध्ये, म्हणजे नॉरिचच्या बिशपच्या अधिकारक्षेत्रात, ही नक्कल एरवी आर्चडीकन या बिशपच्या हाताखालील अधिकाऱ्याकडे जात असे आणि बिशपच्या सात वर्षांनी होणाऱ्या भेटीच्या वर्षी ती बिशपकडे जात असे. त्यामुळे फ्रीरेगवर एकाच बाप्तिस्म्याच्या दोन नोंदी दिसू शकतात, एक वहीतली आणि एक नकलेतली, आणि दोहोंत तपशिलाचा फरक असतो. नक्कल करताना पाद्र्याने आडनाव निराळे लिहिले, आईचे नाव गाळले किंवा वहीत नसलेला एखादा शब्द आठवणीने घातला, असे मी अनेकदा पाहिले आहे. मूळ वही उंदरांनी किंवा ओलीने खाल्ली असेल, तर नकलेवाचून दुसरा आधारच उरत नाही.

एक उदाहरण सविस्तर देतो. सुनेच्या घराण्यातील एक पूर्वज 1851 च्या जनगणनेत शेतमजूर म्हणून नोंदला आहे. त्या जनगणनेत जन्माची पॅरिश विचारली जात असल्यामुळे त्याचे जन्मगावही मिळते. त्या गावात आणि शेजारच्या गावात, दोन-तीन वर्षांच्या अंतराने, त्याच नावाच्या दोन मुलांचे बाप्तिस्मे झाले होते. एका सशुल्क संकेतस्थळावर अनेक जणांनी एकमेकांची पाहून उतरवलेल्या वंशावळी होत्या आणि त्या सगळ्यांनी पहिला मुलगा धरला होता, कारण वय त्याच्याशी अधिक जुळत होते. फ्रीरेगवर मी बाप्तिस्म्यांऐवजी दफने शोधली आणि आसपासची गावे त्यात घेतली. बाप्तिस्म्यानंतर काही आठवड्यांतच त्या पहिल्या मुलाचे दफन झाल्याची नोंद मिळाली. 1813 पूर्वीच्या दफनांत बहुधा वय दिलेले नसते, पण येथे तान्हे मूल असा शेरा होता आणि आई-वडिलांची नावेही होती. ज्याला सगळे आपला पूर्वज मानत होते, तो लहानग्या वयातच गेला होता. मग दुसऱ्या मुलाची नोंद पुन्हा उघडली. नॉरफोकमधील अठराव्या शतकाच्या अखेरच्या अनेक वह्यांत बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनावही लिहिलेले असते, आणि या नोंदीत ते होते. त्या आडनावावरून आई-वडिलांचा विवाह तिसऱ्याच गावात मिळाला. पुढे 1813 च्या छापील नमुन्यात माहेरच्या आडनावाला रकानाच ठेवला नाही, म्हणून त्यानंतर हा दुवा एकदम तुटतो. सुधारणा म्हणून आणलेल्या कायद्याने गरीब बायकांची माहेरे पुसून टाकली, याचे मला आजही वाईट वाटते.

या सेवेचा प्रामाणिकपणा आणखी एका बाबतीत दिसतो. जे अक्षर वाचता आले नाही, ते स्वयंसेवक अंदाजाने भरत नाहीत. एका अनिश्चित अक्षराच्या जागी खालची रेघ येते, अनेक अक्षरे लागत नसतील तर तारांकन येते, आणि दोन पर्याय संभवत असतील तर ते चौकटी कंसात दिले जातात. सोळाव्या-सतराव्या शतकातील 'सेक्रेटरी' हे जुन्या वळणाचे हस्ताक्षर ज्याने वाचून पाहिले आहे, त्याला या सावधपणाची किंमत समजेल. याचा परिणाम असा होतो की साध्या शोधात अशी नावे निसटू शकतात, म्हणून साउंडेक्स हा उच्चारसाम्यावर चालणारा पर्याय वापरावा लागतो. पण साउंडेक्स पहिले अक्षर कायम धरतो. 'नाइट' हे आडनाव के अक्षराने लिहिले आहे की एन अक्षराने, 'राइट' डब्ल्यूने आहे की आरने, यावर शोधाचे यश अवलंबून राहते आणि दोन्ही प्रकारे शोधावे लागते. जनगणनेतील जन्मगावांचेही असेच आहे. हेझ्बरा म्हणून उच्चारले जाणारे हॅपिसबर्ग किंवा विंडम म्हणून उच्चारले जाणारे वायमंडम गणकाने कानाला लागेल तसे लिहिले असेल, तर नकाशावर ते गाव सापडत नाही.

मर्यादाही तेवढ्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. काउंट्यांचे काम सारखे झालेले नाही. नॉरफोकच्या पुष्कळ खेड्यांची माहिती येथे आहे, तर काही काउंट्यांची पाने विरळ आहेत, कारण सगळे काम स्वयंसेवकांच्या संख्येवर आणि आवडीवर चालते. मूळ पान दिसत नसल्यामुळे सही, फुली, खाडाखोड आणि समासातील शेरे यांना आपण मुकतो. पॅरिशच्या वह्यांत न आलेल्या माणसांचे काय, हाही प्रश्न राहतो. नॉरफोकमध्ये क्वेकर, बॅप्टिस्ट आणि पुढे मेथडिस्ट या अधिकृत अँग्लिकन चर्चबाहेरच्या ख्रिस्ती पंथांचा मोठा प्रभाव होता आणि त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे अनेकदा चॅपेलमध्ये होत किंवा मुळीच होत नसत. 1754 ते 1837 या काळात क्वेकर आणि ज्यू सोडून इतर सर्वांना विवाह मात्र अँग्लिकन चर्चमध्येच करावा लागे, म्हणून विवाह सापडतो आणि मुले सापडत नाहीत अशी विचित्र स्थिती उद्भवते. अशा वेळी लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात जमा झालेल्या चॅपेलच्या वह्या पाहाव्या लागतात. संपूर्ण कुटुंबच वह्यांतून नाहीसे झाले असेल, तर 1836 च्या सुमाराची शक्यता ध्यानात ठेवावी. 1834 च्या गरीब कायद्यानंतर पॅरिशने खर्च उचलून नॉरफोकमधील शेतमजूर कुटुंबे मोठ्या संख्येने कॅनडाला पाठवली होती.

म्हणून फ्रीरेगवर मिळालेली महत्त्वाची नोंद मूळ पानावर पडताळून पाहिल्याखेरीज वंशावळीत पक्की करू नये, असा माझा आग्रह आहे. नॉरफोकच्या वह्यांची छायाचित्रे फॅमिलीसर्च, ॲन्सेस्ट्री आणि फाइंडमायपास्ट येथे उपलब्ध आहेत. त्यांपैकी फॅमिलीसर्चला शुल्क नाही, मात्र खाते उघडावे लागते. जे प्रत्यक्ष जाऊ शकतात, त्यांनी नॉरिचमधील नॉरफोक रेकॉर्ड ऑफिसला अवश्य जावे. हे दफ्तर पूर्वी शहराच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या इमारतीत होते. 1 ऑगस्ट 1994 रोजी त्या इमारतीला भीषण आग लागली, पण तळघरातील दस्तऐवज वाचले, आणि 2003 पासून ते काउंटी हॉलजवळच्या नव्या आर्काइव्ह सेंटरमध्ये आहेत. वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिल न्यावी लागते.

तेथे जाण्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. पॅरिश म्हणजे नुसता धार्मिक विभाग नव्हता. गरिबांना पोसणे, अनाथांना कामाला लावणे, रस्ते दुरुस्त करणे ही सारी कामे पॅरिश करत असे आणि त्यांची कागदपत्रे चर्चमधील कुलूपबंद पेटीत ठेवली जात. 1662 च्या रहिवासाविषयीच्या कायद्यामुळे (सेटलमेंट ॲक्ट) गरीब माणसाची जबाबदारी कोणत्या पॅरिशची, हे ठरवण्यासाठी त्याला न्यायाधिकाऱ्यापुढे उभे करून त्याचा जबाब घेतला जाई. कोठे जन्मलो, कोणाकडे किती काळ चाकरी केली, लग्न कोठे झाले, हे सगळे त्यात येते. ज्याला अक्षरओळख नव्हती, अशा शेतमजुराचे आत्मवृत्त म्हणावे असा तो एकमेव कागद असतो. अनौरस मुलाच्या बापाकडून पोषणाचा खर्च वसूल करण्यासाठी लिहून घेतलेले करारही याच पेटीतले. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचे नाव नसले, तर ते येथे मिळण्याची आशा असते. यांतले काहीही फ्रीरेगवर नाही आणि तशी अपेक्षाही नाही. पण कोणत्या गावाची पेटी उघडायची, हे फ्रीरेगमुळेच कळते. वाचनकक्षात नेमके काय मागवायचे हे आधी ठरलेले असले, तर दिवस वाया जात नाही.

सशुल्क सेवांच्या तुलनेत फ्रीरेगचे पान दिसायला साधे आहे आणि तेथे आपली वंशावळ मांडण्याची सोय नाही. मला ही उणीव वाटत नाही, कारण आयत्या सूचना देऊन चुकीच्या पूर्वजाकडे ढकलणारी यंत्रणा येथे नाही. गावाच्या पानांना नकाशाची अधिक चांगली जोड मिळाली, तर परदेशी वाचकाचे काम मात्र फार सोपे होईल. आज मला एकीकडे जुना नकाशा उघडा ठेवून दुसरीकडे शोध घ्यावा लागतो. चूक दिसली तर ती कळवण्याची सोय प्रत्येक नोंदीच्या पानावर आहे आणि ती जरूर वापरावी, कारण पुढच्या वाचकाला तिचा उपयोग होतो.

शेवटी खास आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट. नॉरफोकच्या खेड्यातील तरुण सैन्यात भरती झाला आणि पॅरिशच्या वहीत त्याचे दफन नसेल, तर तो पुणे, खडकी, अहमदनगर किंवा देवळाली येथे निवर्तला असण्याची शक्यता तपासावी. मुंबई इलाख्यातील चर्चांनी पाठवलेल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नकला लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात एन/3 या क्रमांकाखाली ठेवल्या आहेत आणि त्यांची छायाचित्रे फाइंडमायपास्टवर पाहता येतात. बिशप हेबर यांनी 1825 मध्ये अभिमंत्रित केलेल्या पुण्याच्या सेंट मेरी चर्चसारख्या लष्करी छावण्यांतील चर्चांचे विधी याच नकलांत शोधायचे. 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी', म्हणजे फिबिस, या संस्थेची सूची विनामूल्य शोधता येते आणि सुरुवात तेथून करावी. फ्रीरेगवरील बाप्तिस्म्यातून सैनिकाचे गाव आणि आई-वडील आधीच हाती असतील, तर एकाच नावाच्या अनेक सैनिकांतून आपला कोणता, हे त्याच्या भरतीच्या कागदात दिलेल्या जन्मगावावरून ओळखता येते.